आमच्या ओळीतले स्पर्धक

मुलीनं मला विचारलं, “माय, तुहे स्पर्धक कोण?” तेव्हा मी उद्याच्या बाजारासाठी गवारीच्या शेंगा निवडत होते. मला वाटलं, ती टीव्हीवरच्या गाण्याच्या कार्यक्रमाचं काही विचारते आहे.

“स्पर्धक म्हंजे ते गाणं म्हणणारे?”

“नाई व. तुह्यासारखा माल घेऊन बसणारे. ज्यायच्यामुळं तुहं गिऱ्हाईक तुटते, ते.”

“मंग मावशी,” मी म्हणाले. “तीबी भेंडीच आणते.”

“मावशी तुहं गिऱ्हाईक तोडते?”

“ती कायले तोडन? तीच त पाठवते.”

मुलीनं पेन खाली ठेवला. तिच्या मांडीवर कॉलेजातून मिळालेला छापील नमुना होता. व्यवसायाचं स्वरूप, ग्राहक, स्पर्धक, अडचणी, सूचना असे त्यात रकाने होते. ती त्या तिसऱ्या रकान्याकडे पाहत म्हणाली, “आता इथं मी काय लिहू?”

मी धाड गावच्या आठवडी बाजारात भाजी विकते. आमच्या विहिरीजवळच्या तुकड्यात भेंडी, गवार, वांगी होतात, ती मी टोपल्यात भरून जीपनं नेते. मावशी माझी नात्यातली नाही. ती दुसऱ्या गावची म्हातारी बाई, माझ्या डाव्या हाताला बसते. ओळीतल्या सगळ्याच तिला मावशी म्हणतात. आमची बायकांची ओळ आहे. आठ जणी, चार-पाच गावांच्या.

मुलगी बुलढाण्याच्या कॉलेजात बीबीएच्या शेवटच्या वर्षाला होती. ही तीन अक्षरं आमच्या घरात आली तेव्हा मी ती नुसती पाठ केली होती, कोणी विचारलं तर सांगता यावीत म्हणून. धंदा कसा चालवायचा त्याचं शिक्षण, एवढंच मला कळलं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा कॉमर्स म्हणजे ज्यांच्या घरी दुकान आणि गोडाऊन आहे त्यांच्या मुलांचं, असं सगळे धरून चालत. शेतकऱ्याच्या मुलानं डीएड करावं, नाहीतर पोलीस भरतीसाठी पळावं. आता बुलढाण्याला कॉमर्सची वेगळी इमारत झाली आहे. विजेच्या खांबांवर आणि बसस्टँडच्या भिंतीवर बँकिंगच्या, मॅनेजमेंटच्या वर्गांच्या पाट्या लागलेल्या असतात. सकाळच्या एसटीत पासवाली मुलंमुलीच जास्त, आणि त्यातल्या बऱ्याच जणी आमच्यासारख्याच घरच्या, ज्यांची आई वावरात नाहीतर बाजारात असते.

मुलीनं हा कोर्स घेतला तेव्हा माझे दीर तिला म्हणाले होते, “धंदा शिकाले बुलढाण्याले कायले जाऊन राह्यली? तुही माय हर बाजारात बसते. तिच्याजवळ शिक, फुकटात.”

“माय फी घेत नाही काका,” ती म्हणाली, “पण सर्टिफिकेटबी देत नाही.”

दीर हसले. मीही तोंडाला पदर लावून हसले. ती अशी पटकन बोलते, ते तिनं कोणाकडून घेतलं मला माहीत नाही. माझ्याकडून नाही.

मी चौथी शिकले. आमच्या माहेरच्या गावात शाळाच चौथीपर्यंत होती, पाचवीला नदीपलीकडे जावं लागे. वाचता येतं, लिहिता येतं, हळू. मुलीच्या प्रोजेक्टचे बिघडलेले कागद घरात पडून आहेत. त्यांची मागची बाजू कोरी आहे म्हणून मी हे लिहिते आहे. हे कोणाला दाखवायचं नाही.

शेवटच्या वर्षी प्रत्येकानं एका खऱ्या धंद्याचा अभ्यास करून फाइल द्यायची होती. बाकीच्यांनी मोबाईलची दुकानं घेतली, दूध डेअरी घेतली, कृषी केंद्र घेतलं. माझ्या मुलीनं मला घेतलं. मला लाज वाटली. मी म्हणाले, “माह्यात काय पाहाचं आहे?” ती म्हणाली, “तू बस ना व नुसती. मी विचारते ते सांग.”

म्हणून त्या तिसऱ्या रकान्यासाठी मी तिला बोहनीची रीत सांगितली.

दिवसाच्या पहिल्या विक्रीला आमच्याकडे बोहनी म्हणतात. कुठल्याही बाजारात ती मानतातच. आमच्या ओळीत त्याच्यापुढे आणखी एक रीत आहे. माझी बोहनी झाली की मी माझा तराजू पालथा घालायचा. आता काटे बॅटरीचे झाले, पालथे घालता येत नाहीत, म्हणून आम्ही काट्यावर ओलं गोणपाट टाकतो. अर्थ तोच. ओळीतल्या आठही जणींची बोहनी होईपर्यंत मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला माल द्यायचा नाही. कोणी आलं तर म्हणायचं, “आधी तिकडून घ्या, तिची बोहनी राह्यली.” गिऱ्हाईक जुनं असेल तर त्याला माहीत असतं. नवं असेल तर ते जरा चक्रावतं, पण जातं. शेवटच्या बाईची बोहनी झाली की सगळ्यांचे काटे उघडतात आणि मग ज्याचं त्याचं.

हे कोणी ठरवलं ते मला ठाऊक नाही. माझ्या सासूनं मला पहिल्यांदा तिथं बसवलं तेव्हाही ते होतं.

मुलगी ऐकत राहिली. तिनं मला तीनतीनदा विचारलं, कोणी लबाडी करत नाही का, कोणाचा माल खराब असला तर, पाऊस आला तर. मी सगळं सांगितलं. म्हणजे चांगलं होतं तेवढं सगळं सांगितलं. तिनं त्याच्यावर आठ पानं लिहिली आणि टाइप करून आणली. मथळा होता, ‘स्पर्धेशिवाय बाजार’. तिनं मला वाचून दाखवली. आमचंच होतं सगळं, पण धुतलेली साडी नेसल्यासारखं दिसत होतं.

सरांनी ती पानं परत केली.

सर तरुण आहेत, बाहेरच्या जिल्ह्यातले. मुलगी सांगते की ते चांगलं शिकवतात. त्यांची अडचण अशी होती की आदल्या वर्षी अर्ध्या वर्गानं मोबाईलवरून एकच फाइल उतरवली होती आणि फक्त दुकानाचं नाव बदललं होतं. त्यावरून सरांना वरून बोलणी बसली होती. त्यामुळे या वर्षी ते प्रत्येक फाइल संशयानं वाचत होते. मुलीला ते म्हणाले, “हे वाचायला छान आहे. पण बाजार असा नसतो. तू हे कुठून तरी घेतलंस, नाहीतर रचलंस.” ती म्हणाली, माझी आईच तिथं बसते. सर म्हणाले, “मग मी येऊन पाहतो. मात्र त्या बायकांना आधी सांगायचं नाही. सांगितलंस तर त्या तेच बोलतील.”

मुलीनं मला तेवढं सांगितलं आणि मलाही शपथ घातली.

यात काय अडकलं होतं ते मला माहीत होतं. फाइलीवर सरांची सही झाल्याशिवाय तोंडी परीक्षेला बसता येत नव्हतं. तोंडी परीक्षा हुकली की वर्ष गेलं. संभाजीनगरच्या एमबीएचा तिनं फॉर्म भरला होता आणि तिथली प्रवेशपरीक्षाही ती पास झाली होती. तिच्या वडिलांनी, जे सहसा कशाला हो म्हणत नाहीत, त्याला हो म्हटलं होतं. ते सगळं या एका सहीवर थांबलं होतं.

पुढच्या बाजारी सर आले. पँटीत खोचलेला शर्ट, हातात फाइल, पायात बूट. मुलगी माझ्या मागे गोणीवर बसली होती. तिनं मला कोपरानं ढोसलं.

आता त्यात झालं असं. दोन-तीन आठवड्यांपूर्वी चहाच्या गाडीवर कोणीतरी उठवलं होतं की बाजारातल्या जागा नव्यानं वाटणार आहेत, आणि ज्या बाया आपसात ठरवून बसतात, दुसऱ्याला बसू देत नाहीत, त्यांना आधी उठवणार आहेत. खरं-खोटं कोणी पाहिलं नव्हतं. पण फाइलवाला माणूस ओळीसमोर उभा राहिला तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात एकच आलं.

सर मावशीपुढे वाकून म्हणाले, “आजी, तुम्ही एकमेकींकडे गिऱ्हाईक पाठवता, असं ऐकलं.”

“नाही बापा,” मावशी म्हणाली. “कोण कायले पाठवन? जो तो आपल्या नशिबाचं खाते.”

“या शेजारच्या ताईंना ओळखता ना?”

मावशीनं माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी काही मी आत्ताच जीपमधून उतरले. “तोंडओळख हाय,” ती म्हणाली. अठरा वर्षांपासून ती माझ्या डब्यातलं लोणचं खाते.

पलीकडची मिरचीवाली मध्येच म्हणाली, “आमी त भांडतो, सायब. हर बाजारी भांडतो. इचारा कोणालेबी.”

सर म्हणाले, “मग या काट्यांवर गोणपाट का टाकलंय?”

“धूळ लय हाय ना बापा,” मावशी म्हणाली आणि स्वतःच्या काट्यावरचं गोणपाट ओढून काढलं. तिचं पाहून सगळ्यांनी काढलं. माझी बोहनी अजून झाली नव्हती. एक नेहमीचं गिऱ्हाईक माझ्याकडे येत होतं, त्याला मावशीनं मोठ्यानं हाक मारली, “इकडं या, इकडं. ताजी भेंडी इथं हाय. तिकडं नोको जाऊ.” तो माणूस मध्येच थांबला आणि आमच्या दोघींकडे आळीपाळीनं पाहत राहिला. आमच्या ओळीतला आरडाओरडा त्या दिवशी पहिल्यांदा मसाल्याच्या ओळीपर्यंत ऐकू गेला असेल.

सर थोडा वेळ उभे राहिले. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी मावशीकडून पाव किलो भेंडीही घेतली. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं, आणि मुलीनं माझ्याकडे पाहिलं.

मला बोलायचं होतं. सर, हे असं नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी भेंडीचे शेंडे एका बाजूला करत बसले.

सर मुलीला बाजूला घेऊन म्हणाले, “सोमवारपर्यंत दुरुस्त करून आण. स्पर्धकांची माहिती भर, माल, भाव, जागा. बाकीची फाइल चांगली आहे.” आणि ते गेले.

ते दिसेनासे झाल्यावर मुलगी मावशीला म्हणाली, “ते माहे सर होते.”

“मास्तर?” मावशी म्हणाली. “आमी समजलो जागावाला सायब हाय.”

मिरचीवाली म्हणाली, “मंग सांगाव नाई का व बाई आधी?”

“सांगू नोको म्हणले होते ते.”

मावशीनं कपाळाला हात लावला. “तुह्या मायले मी अनोळखी करून टाकलं,” ती म्हणाली. मग जरा वेळानं म्हणाली, “सोमवारी आमी येतो. सगळ्या येतो जीप करून. सांगतो तुह्या मास्तराले.”

“आता नोको मावशी. आता त त्यायले वाटन का शिकवून आणल्या.”

घरी येताना ती मला काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्यावर फाइल घेऊन बसली, आठ पानं काढून बाजूला ठेवली आणि नवा कागद घेतला. मी सडा टाकत होते.

“माय, मावशीची भेंडी तुह्यापेक्षा स्वस्त असते का महाग?”

“कायले पायजे?”

“स्पर्धकात टाकते. मिरचीवालीलेबी टाकते. पाच जणी लागतात.” ती वर न पाहता म्हणाली. “खरं लिहिलं म्हून आठ पानं परत आली. आता हे खोटं लिहिलं का सही भेटते.”

हे ती रागानं म्हणाली नाही. नुसतं सांगितल्यासारखं म्हणाली, आणि लिहू लागली. तीन वर्षं ती धंद्याचं शिकली, आणि मी बोलले नाही म्हणून तिला शेवटी हे शिकायला मिळालं, असं मला वाटलं. मी बादली खाली ठेवली.

“नोको लिहू,” मी म्हणाले. “सोमवारी मी येते तुह्यासंग.”

“तू? तू काय बोलशीन माय? तुले त कंडक्टरले सुट्टे मांगता येत नाहीत.”

“येते मी,” मी म्हणाले.

सोमवारी आम्ही सकाळच्या एसटीनं गेलो. गाडी पासवाल्या मुलांनी भरलेली होती. मुलीच्या दोन मैत्रिणींनी उठून मला जागा दिली. त्या आपसात तोंडी परीक्षेचंच बोलत होत्या, गेल्या वर्षी कोणाला काय विचारलं, यंदा कोण बाहेरून येणार. एकीनं मला विचारलं, “काकू, तुम्ही कुठं?” मी म्हणाले, “दवाखान्यात.” मुलीनं खिडकीबाहेर पाहिलं.

कॉमर्सच्या इमारतीत मी एकदाच गेले होते, प्रवेशाच्या वेळी, आणि तेव्हाही फाटकाजवळच थांबले होते. या खेपेला मी जिना चढून वर गेले. वर्गांना काचेची दारं होती. एका वर्गात संगणकांची रांग होती आणि मुलं पडद्यावर काहीतरी रेघा वर-खाली करत होती. भिंतीवर मोठ्या अक्षरात ग्राहक, बाजार, संधी असं लिहिलं होतं. ते मी थांबून वाचलं. बाजार हा शब्द माझ्या रोजच्या वापरातला, पण तिथं भिंतीवर तो मला परका वाटला, जसा आपल्या गावचा माणूस कोट घालून फोटोत बसलेला असावा.

सर टेबलापाशी बसले होते. त्यांनी मला ओळखलं आणि खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. बसले तर बोलणं होणार नाही असं मला वाटलं.

मुलगी म्हणाली, “सर, आईला काही सांगायचंय.”

“बोला ना, ताई.”

मी म्हणाले, “सर, त्या दिवशी बाया खोटं बोलल्या. त्यायले वाटलं तुमी जागा काढणारे सायब आहे. पोरीनं लिहिलं ते खरं हाय.”

सर हसले. “ताई, तुम्ही तिची आई आहात. तुम्ही असंच म्हणणार.”

मला राग आला नाही. ते बरोबरच बोलत होते. त्यांनी पुढे विचारलं, “मला एक सांगा. तुमची बोहनी झाली, समोर गिऱ्हाईक उभं आहे, आणि तुम्ही त्याला दुसरीकडे पाठवता. तुमचं नुकसान होत नाही?”

“होते.”

“होतं?”

“एखाद्या बाजारी लय होते. भेंडी दुपारनंतर मऊ पडते. गेलेलं गिऱ्हाईक परत येतेच असं नाही.”

सरांनी मुलीकडे पाहिलं. “हे तू लिहिलं नाहीस.”

“मला माहीत नव्हतं सर,” मुलगी म्हणाली.

“मग का पाठवता?” सरांनी मला विचारलं.

याचं उत्तर मी कधी कोणाला दिलं नव्हतं. मी टेबलाच्या कडेकडे पाहत सांगितलं. मी म्हणाले की मला हाक मारता येत नाही. सासूनं बसवलं तेव्हा मी पहिली दोन वर्षं तोंडातून शब्द काढला नाही. भेंडी घ्या, एवढंही म्हणता येत नव्हतं. माझी बोहनी दर बाजारी सगळ्यात शेवटी व्हायची आणि माझ्यासाठी सात जणी काटे झाकून बसायच्या. मावशी गिऱ्हाइकाला हाताला धरून माझ्यापुढे आणून उभं करायची. ती रीत नसती तर सासूनं मला तिसऱ्या बाजारीच घरी बसवलं असतं. म्हणून मी पाठवते.

सरांनी पेन उचलला नाही. मला वाटलं, अजून विश्वास नाही. चांगलं चांगलं ऐकून त्यांना विश्वास बसत नव्हता, आणि मलाही आतून कळत होतं की मी अजून चांगलंच सांगते आहे.

मग मी ते दुसरं सांगितलं.

आमच्या ओळीच्या टोकाला एकदा एक बाई येऊन बसली होती. घाटाखालची होती. तिचा नवरा इकडे वीटभट्टीवर कामाला आला होता आणि ती कुठूनतरी भेंडी, काकड्या घेऊन विकायला आणायची. तिचा आवाज मोठा आणि गोड होता. ती हाक मारायची तेव्हा लोक वळून पाहायचे. तिला आमची रीत माहीत नव्हती. पहिल्याच दिवशी आमच्यातल्या निम्म्या जणींची बोहनी व्हायच्या आत तिची टोपली अर्धी झाली.

“मग तुम्ही तिला सांगितलं असेल, रीत,” सर म्हणाले.

“नाही सांगितलं.”

कोणीच सांगितलं नाही. आम्ही आपसातही काही ठरवलं नाही. नुसतं तिच्याकडे कोणी पाहायचं नाही, तिला सुटे द्यायचे नाहीत, पाण्याचा लोटा पुढे करायचा नाही. एका बाजारी एक गिऱ्हाईक माझ्यापुढून उठून तिच्याकडे चाललं होतं. मी त्याला म्हणाले, “तिची भेंडी कालची हाय.” तिची भेंडी ताजी होती. मला दिसत होतं. ज्या तोंडातून भेंडी घ्या निघत नव्हतं त्या तोंडातून ते निघालं, आणि कोणालाही नवल वाटलं नाही. मावशीनं मान हलवली, शाबास म्हटल्यासारखी. ती बाई काही आठवडे आली. मग यायची बंद झाली.

“असं आहे सर,” मी म्हणाले. “आमच्या ओळीत स्पर्धा नाही. ओळीच्या बाहेरच्यासाठी हाय.”

मुलगी माझ्याकडे पाहत होती. तिच्या तोंडावर काय होतं ते मी पाहिलं नाही, माझी हिंमत झाली नाही. सरांनी त्या आठ पानांचा गठ्ठा मागितला, तो चाळला, आणि वरचा मथळा पेनानं खोडला.

“हे सगळं लिही,” ते तिला म्हणाले. “नुकसान लिही. ती बाई लिही. तुझ्या आईनं काय केलं तेही लिही. लिहिशील?”

मुलीनं पानं हातात घेतली. “लिहिते सर,” ती म्हणाली.

“गुरुवारी घेऊन ये. मी सही करतो.”

परतीच्या एसटीत तिनं मला विचारलं, “ती बाई कुठं गेली मंग?”

“मले माहीत नाही.”

“कोणी इचारलं नाही?”

“नाही.”

मग तिनं माझ्या हातातली पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.

गुरुवारी सही झाली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी तिला बाकी काही विचारलं नाही, त्याच पानांवर विचारलं. ती पास झाली आणि संभाजीनगरला गेली.

पण जायच्या आधी एका बाजारी ती फाइल घेऊन आली. मीच आणायला सांगितली होती. आमच्या सगळ्यांबद्दल लिहिलं आणि सगळ्यांना माहीत नाही, हे मला बरं वाटत नव्हतं. अजून गिऱ्हाईक यायचं होतं. बायका टोपल्या लावत होत्या. मुलगी मावशीपुढे बसली आणि वाचू लागली. पहिली पानं ऐकताना बायका खूश होत्या. मिरचीवाली मध्येच म्हणाली, “माहं नाव नाही टाकलं का व त्यात?” “कोणाचंच नाही टाकलं काकू,” मुलगी म्हणाली.

मग ते पान आलं. मुलीनं आवाज कमी केला नाही. ओळीत हळूहळू सगळ्यांचे हात थांबले. मिरचीवाली उठली आणि पाणी आणायला निघून गेली. दोघी-तिघी माझ्याकडे पाहत होत्या, आणि ते पाहणं चांगलं नव्हतं.

वाचून झालं तेव्हा मावशी खूप वेळ भेंडीचे देठ सारखे करत होती.

“हे तू सांगितलं मास्तराले?” तिनं मला विचारलं.

“हाव.”

“माहं मान हलवणंबी?”

“तेबी.”

मावशीनं हातातली भेंडी खाली ठेवली. “तिले गाणं येत होतं,” ती म्हणाली. “काकडी इकताना म्हणायची. चांगलं होतं.” मग तिनं मुलीला सांगितलं, “ते टाक त्याच्यात, जागा असन त.”

मुलगी म्हणाली की फाइल आता कॉलेजात जमा झाली आहे, ही तिची दुसरी प्रत आहे. मावशी म्हणाली, “मंग याच्यातच टाक.” मुलीनं पेन काढला आणि त्या पानाच्या कडेला हातानं ते लिहिलं. मिरचीवाली पाणी घेऊन परत आली, पण त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही, आणि पुढचे दोन बाजारही नाही.